बेचाळिसावं पान

माझ्या धाकट्या भावाच्या सहीशिवाय अमेरिकेचं एक लढाऊ विमान उडत नाही. हे मी मिशिगनात, ट्रॉयमधल्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगितलंय, आणि इंडियन ग्रोसरीच्या रांगेत कुणी अनोळखी भेटलं तर त्यालाही सांगतो. हेमूच्या कानावर गेलं की तो कपाळाला हात लावतो.

"दादा, त्या विमानाला पाच-सहा हजार लोकांच्या सह्या लागतात. मी त्यातला एक."

मग? बाकी सगळ्यांनी केली आणि यानं नाही केली, तर उडेल का? नाही ना. मग मी काय खोटं बोललो?

हेमू म्हणजे हेमचंद्र. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. कोल्हापुरात आमचं घर कारखान्यांच्या उद्यमनगरला लागून. मी दहावीला गणितात गेलो आणि टूल ग्राइंडिंगच्या कामाला लागलो. लोक म्हणतात, भावाला शिकवायला शैलेंद्रनं शाळा सोडली. मी त्यांना दुरुस्त करत बसत नाही. हेमू इंजिनिअर झाला, त्र्याण्णव साली मिशिगनला आला. सिटिझन झाल्या झाल्या त्यानं पहिला अर्ज कुणाचा केला असेल, तर माझा. भावाच्या अर्जाला तेरा वर्षं लागतात. लागली. सोळा साली मी आलो, चौपन्न वर्षांचा, अडतीस वर्षं धार लावलेले हात घेऊन. त्याच्या घराचं बेसमेंट मी स्वतः फिनिश केलं आणि तिथंच राहतो. आणि हेमू नोकरीला आहे त्याच शॉपमध्ये, म्हणजे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, कटरला धार लावायला लागलो. आजच्या तारखेला ट्रॉयमध्ये माझ्याइतकी धार लावणारा दुसरा नाही. खोटं वाटलं तर गॅरीला विचारा.

गॅरी आमचा मालक. एकतीस माणसांचं शॉप. पूर्वी सगळं काम गाड्यांचं होतं, ते हळूहळू मेक्सिकोला गेलं. उरलं त्यातलं मोठं काम म्हणजे एक ब्रॅकेट. टायटॅनियमचा, तळहाताएवढा. लढाऊ विमानाची चाकं आत गेली की वरून एक झाकण बंद होतं, त्या झाकणाची बिजागरी या ब्रॅकेटवर बसते. हेमू दोन हजार दोन साली इथं लागला आणि पुढच्याच वर्षी हा ब्रॅकेट आला. तेव्हापासून त्याची तपासणी हेमूची, आणि त्याची किंमत काढणंही हेमूचंच. शॉपमधले गोरे त्याला हेमी म्हणतात. डेट्रॉइटकडं हेमी हे एका जबरदस्त इंजिनाचं नाव आहे, त्यामुळं मला ते चालतं.

त्याची काम करायची पद्धत सांगतो, म्हणजे माणूस कळेल. पार्ट हातात घ्यायच्या आधी अंगठी आणि घड्याळ काढून स्टीलच्या डब्यात ठेवतो. हात धुतो. मग कुठलंही माप न लावता पार्टकडं नुसता बघत बसतो. पोरं घड्याळं बघत उभी राहतात, पण कुणी बोलत नाही. "हेमी इज लुकिंग." मग मापं, मग सही. न हाताळलेल्या पार्टवर त्यानं आजवर सही केलेली नाही. अंतराच्या, म्हणजे त्याच्या पोरीच्या, ग्रॅज्युएशनला आम्ही अॅन आर्बरला निघालो होतो, सगळे नटूनथटून, आणि यानं हायवेवरून गाडी वळवली. का, तर आदल्या दिवशी एका पार्टवर सही करताना जुना चष्मा डोळ्यावर होता. पद्मजा, त्याची बायको, त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. पार्ट चांगलाच निघाला. मीही त्याला शिव्या दिल्या, पण मनातून मला छाती फुगेल एवढा अभिमान वाटला.

तर तेवीस सालच्या सप्टेंबरात गॅरीला पत्र आलं. आमच्याकडून ब्रॅकेट घेणारी कंपनी मोठी. त्यांनी लिहिलं होतं, की हा ब्रॅकेट तीन साली चारशे दहा डॉलरला मिळत होता आणि आज तुम्ही दोन हजार तीनशे साठ लावता. ड्रॉइंग तेच, धातू तोच. तेवीस ऑक्टोबरला आमच्या कॅरल नोवाक येतील. किंमत का वाढली ते त्यांना दाखवा. पटलं नाही तर सतराशे पन्नासला दुसरं शॉप तयार आहे.

गॅरीनं ते पत्र हेमूच्या टेबलावर ठेवलं. "हेमी, हे गेलं तर ख्रिसमसपर्यंत आपण दार बंद करतो."

एकतीस माणसं. त्यातले दोघं आम्ही.

पुढचा महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटं ठेवायला जागा नव्हती. हेमूनं वीस वर्षांचे ट्रॅव्हलर घरी आणले होते, म्हणजे कोऱ्या प्रती. ट्रॅव्हलर म्हणजे पार्टबरोबर फिरणारे कागद. पार्टवर काय काय करायचं, कुणी केलं, कुणी तपासलं, सगळं त्यात. तीन साली ट्रॅव्हलर होता दोन पानांचा. आता एकेचाळीस.

"डॅड, जस्ट मेक अ स्लाइड," अंतरा म्हणाली. ती शनिवारी यायची आणि कागद उचलून सोफ्यावर ठेवायची. "वन ग्राफ. डन."

"ग्राफ त्यांच्याकडं पण आहे गं," हेमू म्हणाला. "म्हणून तर येतायत."

मी विचारलं, "पण हेमू, खरंच का वाढली रे? मलासुद्धा कळत नाही. माझ्या तरुणपणी अख्खं विमान दीड-दोन कोटी डॉलरला यायचं म्हणे, आता आठ-नऊ कोटी सांगतात. सोनं लावतात का त्याला?"

उत्तर पद्मजानं दिलं. तिकडं भांडी लावत होती. "दादा, मी पुरण करते तेव्हा वीस जणांचं केलं काय आणि चार जणांचं केलं काय, पुरणयंत्र तेवढंच धुवावं लागतं. आधी महिन्याला साठ ब्रॅकेट जायचे ना यांचे? आता अठरा. धुणं तेच."

"बरोबर," हेमू म्हणाला. "विमान महाग म्हणून ते कमी घेतात. कमी घेतात म्हणून ते आणखी महाग पडतं."

"शेपटी धरायला फिरणारं कुत्रं," मी म्हणालो.

"तसंच. पण ते अर्धंच. उरलेलं अर्धं हे." त्यानं एकेचाळीस पानांवर हात ठेवला.

मग त्यानं एकेक पान मला सांगितलं. नववं पान, अंगठी काढली का त्याची तपासणी. कारण सहा साली एकाच्या लग्नाच्या अंगठीनं ओरखडा उठला होता. सतरावं पान, आतल्या भोकात धातूचा किस राहिला नाही हे दोघांनी बघायचं. कारण एकदा राहिला होता. तिसावं पान, धातूच्या सर्टिफिकेटची प्रत तीन ठिकाणी लावायची. कारण दूर कुठल्या तरी राज्यात कुणी खोटं सर्टिफिकेट विकलं होतं. प्रत्येक पानाला वेळ, प्रत्येक पानाला माणूस, प्रत्येक माणसाला पगार. पान येतं. आलेलं पान परत जात नाही.

"मग सांग ना त्या बाईला. अंगठीवाला कोण होता?"

"नाव कशाला पाहिजे?"

"म्हणजे तिला पटेल! अमक्यानं घाण केली म्हणून खर्च वाढला."

हेमूनं चष्मा काढला. "दादा, पानावर नाव नसतं, म्हणून तो माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येऊ शकतो. नावं लिहायला लागलो तर पुढच्या वेळी कुणी चूक सांगणारच नाही. चूक सांगितली नाही तर विमान खाली येतं."

मला ते तेव्हा फार काही पटलं नाही. मी म्हणालो, तू भोळा आहेस.

तेवीस ऑक्टोबर सोमवार होता, आणि त्या दिवशी खंडेनवमी होती.

उद्यमनगरात खंडेनवमी म्हणजे काय असतं ते ज्यानं बघितलंय त्यालाच ठाऊक. सगळ्या मशिनी बंद. धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू, झेंडूचे हार. मालक-कामगार एका पंगतीत. इथं आल्यापासून मी दरवर्षी माझ्या बेंचवर पूजा मांडतो. व्हर्निअर, मायक्रोमीटर, पाने, माझं ग्राइंडिंग व्हील. झेंडू घरामागं मी लावतो, मिशिगनच्या थंडीआधी फुलतो तो. गॅरीला पेढा दिला की तो विचारतो, "हॅपी टूल डे?" मी म्हणतो, "हॅपी टूल डे."

त्या दिवशी मी सहाला पोचलो. पद्मजाचा पितळी करंडा बरोबर होता. माझ्या बेंचची पूजा झाली. आणि मग मनात आलं, यंदा गरज माझ्या व्हर्निअरला नाहीये. गरज त्या ब्रॅकेटला आहे.

ब्रॅकेटची मशिन वेगळ्या खोलीत असते. दाराशी पिवळी पट्टी, आत जायला बॅज लागतो. माझ्याकडं होता, कारण कटर मीच नेऊन देतो. सगळी माणसं कॅन्टीनमध्ये, गॅरी पाहुणीबद्दल सूचना देत होता. खोलीत कुणी नव्हतं. ट्रॉलीवर ट्रे, ट्रेमध्ये फोमच्या खाचांत अठरा ब्रॅकेट ओळीनं निजलेले. दहाला बाहेरच्या भट्टीवाल्यांचा ट्रक येऊन ते तापवायला नेणार होता. मी मशिनच्या दाराला कुंकू लावलं. ट्रेच्या कडेला झेंडू ठेवला. आणि पुढच्या ब्रॅकेटला, तुरीच्या डाळीएवढं कुंकू बोटानं टेकवलं. डोळे मिटून म्हणालो, आई अंबाबाई, हेमूची लाज राख. मग फुलं उचलली आणि बाहेर आलो. एवढंच.

सव्वानऊला हेमू त्याच्या टेबलाशी कागद लावत होता. नवा शर्ट, कॉलर टोचत असल्यासारखा मान हलवत होता. मला वाटलं याला धीर द्यावा.

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "तुझ्या ब्रॅकेटला कुंकू लावून आलोय."

तो हसला. मग हसायचा थांबला.

"कशाला लावलंस?"

"ब्रॅकेटला."

"मशिनला?"

"मशिनलाही. आणि ब्रॅकेटला. पुढच्या."

त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी एकदाच बघितलं होतं, वडील गेले तेव्हा. ते आता दुसऱ्यांदा. तो पळाला नाही. हेमू पळत नाही. पण ज्या चालीनं तो त्या खोलीकडं गेला, त्या चालीनं मी मागं पडलो.

ट्रेवर वाकून तो बघत राहिला. हात न लावता.

"पुसून टाकतो की," मी म्हणालो.

"हात लावू नकोस."

"अरे, चिमूटभर कुंकू! आपल्याकडं अख्ख्या लेथला..."

"ते बिडाचं लोखंड होतं, दादा. लेथ उडत नाही." आवाज चढवला नाही त्यानं. "हे भट्टीत जाणार. टायटॅनियमवर काय लागलंय ते माहीत नसताना भट्टीत गेलं तर उष्णतेनं ते आत शिरू शकतं. आज दिसत नाही. दोन वर्षांनी तडा जातो. कुंकवात काय असतं? हळद, चुना, रंग? मीठ असेल? मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. साठ वर्षं लावतोय.

"किती पार्टना हात लावलास?"

"एकच," मी म्हणालो.

गॅरी आत आला, मागं पार्किंगकडं बोट दाखवत. "ती आलीये. पांढरी गाडी." मग त्याला आमचे चेहरे दिसले. हेमूनं दोन वाक्यांत सांगितलं. गॅरीनं माझ्याकडं बघितलं नाही, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. तो हेमूला म्हणाला, "अल्कोहोल मार आणि पूस. दोन मिनिटं. कोण बघणार आहे?"

"मी बघितलंय," हेमू म्हणाला.

"आज नको, हेमी. उद्या लाव टॅग. ती किंमत का वाढली विचारायला आलीये, आणि तू तिच्यासमोर ट्रे अडवणार? एकतीस लोकांचा विचार कर."

हेमूनं ड्रॉवर उघडला. लाल टॅग काढला. लाल टॅग म्हणजे पार्ट अडवला, कुणीही हलवायचा नाही. त्यावर त्यानं वेळ लिहिली, नऊ एकतीस, आणि ट्रेला बांधला. गाठ पहिल्यांदा नीट बसली नाही, सोडून त्यानं परत बांधली.

"ट्रकला परत पाठव," तो गॅरीला म्हणाला. मग माझ्याकडं एक फॉर्म दिला. "दादा, काय केलंस ते यात लिही. मराठीत लिहिलंस तरी चालेल, मी इंग्लिशमध्ये करतो. बाहेर बस."

कॉन्फरन्स रूमच्या बाहेरच्या खुर्चीवर मी बसलो. दार अर्धं उघडं होतं. शाळेत गणिताच्या मास्तरांनी बाहेर काढलेलं, त्यानंतर असा कधी बसलो नव्हतो. फॉर्मवर एक प्रश्न होता, किती पार्टना स्पर्श झाला. मी लिहिलं, एक.

आतून आवाज येत होते. नोवाकबाई माझ्याच वयाच्या, पांढरे केस, आवाज सपाट. प्रश्न विचारायच्या आणि उत्तर संपेपर्यंत पेन खाली ठेवायच्या.

"एकेचाळीस पानं. माझी कंपनी कागदाचे पैसे देऊ शकत नाही. नववं पान काय आहे?"

हेमूनं सांगितलं. अंगठी, ओरखडा.

"कोणाची अंगठी?"

"ते यात नाही."

"सतरावं?"

सांगितलं.

"तिसावं? तीन प्रती कशाला? एक पुरत नाही?"

कागद उलटल्याचा आवाज आला. मग हेमू म्हणाला, "एक पुरते. हे पान मी काढून टाकीन. आणि छत्तिसावं पण. ते माप बाविसाव्या पानावर झालेलं असतं. दोन्ही मिळून एकशे तीस डॉलर जातात."

गॅरीचा खोकला ऐकू आला. महिनाभर मीही त्या टेबलावर बसलो होतो, पण हे पान काढायचं आहे हे हेमू मला बोलला नव्हता.

"बाकीची?"

"बाकीची नाही."

"मिस्टर हेमचंद्र," बाई म्हणाल्या, आणि नाव जवळजवळ बरोबर घेतलं, "माझ्याकडं सतराशे पन्नासचा आकडा आहे. तुम्ही मला दोन हजार दोनशे तीस सांगताय. मधलं मी काय सांगून वर नेऊ?" मग खुर्ची सरकली. खोलीला एका बाजूनं काच आहे, तिथून मशिनची खोली दिसते. "तो लाल टॅग कसला?"

मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"आजचा लॉट," हेमू म्हणाला. "नऊ एकतीसला अडवलाय. एका पार्टवर बाहेरची पावडर लागली. धार्मिक कारणासाठी लावली होती. वाईट हेतू नव्हता."

"एका पार्टवर?"

"स्टेटमेंट लिहिणं चाललंय. आणतो."

तो बाहेर आला. त्यानं हात पुढं केला, मी फॉर्म दिला. त्यानं वाचलं. खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा होती. खिशातून पेन काढलं आणि फॉर्म भिंतीला टेकवला.

"एकच ना?" त्यानं विचारलं. माझ्याकडं न बघता.

आता सांगतो. मी पुढचा ब्रॅकेट म्हणालो होतो, पण ट्रेचा पुढचा भाग भिंतीकडं होता. तिथं पोचायला मी ट्रॉली फिरवली, आणि फिरवताना दोन ब्रॅकेट खाचेतून वर आले ते बोटानं खाली दाबले. कुंकवाच्या बोटानं की दुसऱ्या, आठवत नव्हतं. फुलं उचलताना पाकळ्या सांडल्या, त्या वेचल्या. कुठल्या पार्टवरून वेचल्या, तेही आठवत नव्हतं. हे सगळं मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या आठवलेलं होतं. आणि तरी मी एक लिहिलं होतं. कारण एक म्हणजे श्रद्धा. अठरा म्हणजे मूर्खपणा. आणि माझ्या भावाच्या शॉपमध्ये, सगळ्या गोऱ्यांसमोर, मला मूर्ख ठरायचं नव्हतं.

पण हा माणूस न हाताळलेल्या पार्टवर सही करत नाही. तो हायवेवरून परत येतो. आणि तो आता माझ्या एका शब्दावर सही करायला निघाला होता, कारण तो शब्द दादाचा होता. पेनचं टोक कागदाला लागलं होतं.

"थांब," मी म्हणालो. "सही करू नकोस."

त्यानं बघितलं.

"मला माहीत नाही किती. तीन तरी. जास्त असतील. फुलंही होती." मग तोंड उघडलंच होतं म्हणून म्हणालो, "फॉर्मवर मी खोटं लिहिलंय, हेमू."

नोवाकबाई दारात येऊन उभ्या होत्या. "काय म्हणतायत ते?"

हेमूनं पेन खिशात ठेवलं. "हा माझा मोठा भाऊ आहे," तो म्हणाला. हे त्याला सांगायची गरज नव्हती. "तो म्हणतो, किती पार्टना हात लागला हे त्याला खात्रीनं सांगता येत नाही. म्हणजे अठराच्या अठरा."

आत गॅरीनं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. अठरा ब्रॅकेट म्हणजे महिन्याभराचं काम.

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. तर्जनीच्या टोकावर अजून लाल होतं. त्या म्हणाल्या, "हे पुढं कसं करता, ते मला बघायचंय." आणि त्यांनी अकराच्या पुढच्या भेटी फोनवरून कॅन्सल केल्या.

संध्याकाळी पाचपर्यंत त्या बसल्या. अठरा पार्ट अठरा वेगळ्या पिशव्यांत गेले. प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाचा नंबर, दोन माणसं, दोन सह्या. माझा बॅज काढून घेतला. लॅबला नमुना पाहिजे म्हणून पद्मजाचा करंडा सीलबंद पिशवीत गेला, त्यावर हेमूनं लिहिलं, कुंकू, लाल पावडर, घरगुती. त्या करंड्याला आजवर सही लागली नव्हती, त्या दिवशी चार लागल्या. घरी फोन केला तर पद्मजा म्हणाली, "माझ्या आईचा आहे तो. लॅबवाल्यांना सांगा, घासून परत पाठवा."

निघताना नोवाकबाई कोट घालत हेमूला म्हणाल्या, "या महिन्यात मी नऊ शॉप बघितले. मी येणार हे सगळ्यांना माहीत होतं. एकाही ठिकाणी मला लाल टॅग दिसला नाही." याचा अर्थ चांगला की वाईट, हे त्यांनी सांगितलं नाही. गाडीत बसून गेल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. हेमू मला एक शब्द रागानं बोलला नाही, त्यानं मी अर्धा झालो. मी म्हणालो, लेका, शिव्या तरी दे. तर म्हणाला, "तू सही थांबवलीस की." आणि वाढलेलं जेवत राहिला.

लॅबचा रिपोर्ट आला. कुंकवात क्लोरीन निघालं, टायटॅनियमला तडा देणारं. ते लागलेले चार ब्रॅकेट भंगारात, चौदा पास. पाठोपाठ नोवाकबाईंचं पत्र आलं. दोन वर्षांचं काम, बावीसशे तीसच्या आसपास. गॅरीनं ते कॅन्टीनच्या भिंतीवर चिकटवलं आणि कॉफी आणायला गेला. एकतीसच्या एकतीस माणसांनी ते वाचलं, काहींनी दोनदा.

पण मी म्हणालो ना, पान येतं. त्याच महिन्यात ट्रॅव्हलरला नवीन पान लागलं. दोन गेली होती, पण जुने आकडे बदलत नाहीत, म्हणून त्याचा नंबर बेचाळीस. भट्टीत जाण्याआधी पार्टवर बाहेरची पावडर, रंग किंवा फूल नाही, हे दोन माणसांनी पांढऱ्या दिव्याखाली तपासायचं. हेमूनं हिशोब केला, एका ब्रॅकेटमागं अकरा डॉलर. ते विमान किती वर्षं बनेल देव जाणे, तोवर प्रत्येकात हे अकरा डॉलर असणार.

पिवळ्या पट्टीजवळ गेलो की माझा नवा बॅज आता लाल दिवा लावतो. खंडेनवमी माझ्या बेंचपुरती, आणि पूजा झाली की साबणानं दोनदा हात धुवायचे, असं गॅरीशी ठरलंय. हेमू पेढा घ्यायला येतो, लांबूनच हात पुढं करतो.

नवी पोरं शॉपला लागली की हेमू त्यांना एकेक पान शिकवतो. परवा एका पोरानं विचारलं, "हे फुलांचं काय आहे? फुलं कोणी लावली?" हेमू म्हणाला, "ते यात नाही. पुढचं वाच."

मी पलीकडं ग्राइंडरवर होतो. मशिन बंद केली, चष्मा वर केला आणि त्या पोराला ओरडून सांगितलं, "मी! शैलेंद्र! विमान अकरा डॉलरनं महाग केलंय मी. लिहून घे."